मांजराच्या तोंडून सुटलेला उंदीर: पहिल्या तासापासून सोडण्यापर्यंत

मांजराने उंदीर आणून घरात टाकला आहे. तो जिवंत आहे, रक्ताचा थेंब कुठे दिसत नाही, कपाटाच्या कोपऱ्यात अंग आक्रसून धापा टाकतोय. अशा वेळी कोणी त्याला केरसुणीने गॅलरीबाहेर लोटतं, कोणी कीव येऊन झाकणात दूध ठेवतं. दोन्ही चूक. काही तास तो ठीक दिसतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मरतो. "घाबरूनच मेला" असं मग आपण म्हणतो. भीतीचा वाटा असतोच, पण बहुतेक वेळा मारतात ते मांजराच्या तोंडातले जंतू.

मांजराचा सुळा सुईसारखा बारीक आणि लांब असतो. तो घुसतो खोल, पण कातडीवर भोक राहतं जेमतेम मिलिमीटरभर. वरून केस बसले की तेही दिसत नाही. पाश्चरेला हा जिवाणू बहुसंख्य निरोगी मांजरांच्या तोंडात कायम वस्तीला असतो. तो या भोकातून आत गेला की २४ ते ७२ तासांत रक्तात पसरतो. म्हणून पुढचं सगळं एका गृहीतकावर चालतं: मांजराच्या तोंडात गेलेला प्रत्येक उंदीर चावलेलाच समजायचा, जखम दिसो वा न दिसो.

आधी मांजर, मग उंदीर

उंदीर तोंडात असताना ओढू नका. ओढलं की मांजर दात आणखी रुतवतं आणि तुमच्या बोटालाही प्रसाद मिळतो. त्याच्या खाण्याचा डबा वाजवा किंवा मासळीचा वास असलेलं काहीतरी जमिनीवर टाका. बहुतेक मांजरं शिकार सोडून तिकडे वळतात. सोडलं की मांजराला उचलून दुसऱ्या खोलीत घाला आणि दार लावून घ्या. नुसतं "हाड" करून भागत नाही, ते दोन मिनिटांत परत येतं.

आता उंदीर. एक मोठा प्लॅस्टिकचा मग किंवा आइस्क्रीमचा रिकामा डबा त्याच्यावर अलगद पालथा घाला आणि खालून पातळ पुठ्ठा सरकवा. पाल पकडायची हीच रीत. हाताने धरण्याची गरज पडली तर जाड हातमोजे घाला किंवा जुनं सुती कापड दुहेरी करून त्यात गुंडाळा. टर्किश टॉवेल नको, त्याच्या धाग्यांच्या फासात नखं अडकून बोटं मोडतात. शेपटीच्या टोकाला धरून तर कधीच उचलू नका. उंदराच्या शेपटीची कातडी मोज्यासारखी निघून येते आणि खाली उघडं हाड राहतं.

जंगली उंदीर चावतो. चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. घरातल्या उंदराच्या चाव्याला रेबीजची लस सहसा लागत नाही, पण धनुर्वाताच्या इंजेक्शनचा प्रश्न असतोच. पुढच्या तीन ते दहा दिवसांत ताप, सांधेदुखी किंवा पुरळ आलं तर "उंदीर चावला होता" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यावरून निदान बदलतं. मांजर चावलं तर हिशेब वेगळा: तेव्हा रेबीजच्या लसीबद्दल लगेच विचारायचं.

लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंमुळे येणारा ताप) पसरतो तो उंदराच्या मुतातून. हाताला चिरा असतील तर हातमोज्यांशिवाय काहीच करू नका. गरोदर बाईने आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाने या कामात पडूच नये. घरातल्या उंदरांमधला एक विषाणू पोटातल्या बाळाला इजा करू शकतो. उंदराला ज्या डब्यात ठेवाल त्याची जागा स्वयंपाकघरात नको.

हा उंदीरच आहे ना?

ओळख आधी पटवायला हवी, कारण खाणं त्यावर ठरतं. सगळ्यात मोठा घोटाळा चिचुंद्रीबाबत होतो. लांब, टोकदार, सतत हलणारं नाक, मोहरीएवढे डोळे, मखमली करडे केस, बुडाशी जाड शेपूट आणि उग्र कस्तुरीसारखा वास: ही चिचुंद्री. ती उंदराच्या जातीची नाहीच, किडे खाणारा प्राणी आहे. मांजर तिला मारतं, पण वासामुळे बहुधा खात नाही, म्हणूनच ती अर्धमेली अवस्थेत दारात सापडते. धान्य तिच्या उपयोगाचं नाही. तिची भूक इतकी तीव्र असते की काही तासांच्या उपासानेही ती ढासळते. मांजराचं कोरडं खाणं कोमट पाण्यात भिजवून मऊ करा आणि चिमूटभर ठेवा, नाहीतर उकडलेल्या अंड्याचा बलक किंवा झुरळ द्या. झुरळ विषाच्या फवाऱ्याने मेलेलं नसावं.

घरातला छोटा उंदीर पूर्ण वाढला तरी १२ ते २० ग्रॅमचा. कान मोठे, डोळे टपोरे, शेपूट शरीराइतकी किंवा थोडी जास्त लांब, पोट मळकट. शेताच्या बांधावरचा त्याहून लहान असतो, पोट पांढरंशुभ्र. आकार तेवढाच, पण डोकं आणि मागचे पाय अंगाच्या मानाने थोराड, शेपूट जाड असेल तर ते मोठ्या उंदराचं किंवा घुशीचं पिल्लू. प्राथमिक उपचार तिघांनाही सारखेच. फरक पुढे पडतो: घुशीचं पिल्लू दोन आठवड्यांत प्लॅस्टिकचा डबा कुरतडून बाहेर येईल.

खार असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि महाराष्ट्रात असाल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

ऊब, अंधार, शांतता

पहिल्या तासाभरात उपचार तीनच: ऊब, अंधार आणि शांतता. औषध नाही, पाणी नाही, खाणं नाही. धक्का बसलेल्या उंदराचं रक्त कातडीकडून आत ओढलं जातं आणि इतक्या लहान देहातली ऊब भराभर जाते. थंड पडलेल्या जिवाच्या तोंडात पाण्याचा थेंब घातला तर तो घशाऐवजी फुप्फुसात जातो. आधी गरम, मग पाणी, मग खाणं. हा क्रम उलटला की हातातला उंदीर जातो.

वीस-पंचवीस लिटरचा झाकणाचा प्लॅस्टिक डबा घ्या. झाकणाला पाच मिलिमीटरची पंधरा-वीस भोकं पाडा. त्याहून मोठी नकोत, पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून छोटा उंदीर निसटतो. बुटांचा पुठ्ठ्याचा खोका तासाभरासाठी चालेल, पण शुद्धीवर आलेला उंदीर एका रात्रीत तो फोडतो आणि सकाळी फ्रीजमागे सापडतो. तळाला वर्तमानपत्र, त्यावर पांढऱ्या टिश्यूच्या पट्ट्या. कापूस घालू नका. त्याचे तंतू पायाला वेटोळं घालतात, रक्त थांबतं, पाय काळा पडतो. डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या कपाटातलं कापडही नको.

ऊब देण्यासाठी अर्ध्या लिटरच्या बाटलीत हाताला सहन होईल इतकं गरम पाणी, साधारण ४५ अंश, भरा. जाड मोज्यात घालून डब्याच्या एकाच बाजूला आडवी ठेवा. दुसरी बाजू गार राहू द्या म्हणजे त्याला स्वतः सरकता येईल. पाणी दर दोन-तीन तासांनी बदला. गार झालेली बाटली ऊब देत नाही, उलट शोषून घेते, आणि पहाटे तीनला नेमकं हेच होतं. उंदराजवळची हवा २८ ते ३० अंश राहिली तर उत्तम. पूर्वी डब्याजवळ पिवळा बल्ब लावत. आजचा एलईडी दिवा उजेड देतो, ऊब नाही, शिवाय उजेड इथे नकोच आहे. नागपूर-अकोल्याकडच्या मे महिन्यात मात्र बाटली विसरा. तिथे बंद खोलीत उंदीर उष्म्यानेच मरू शकतो, तेव्हा डबा घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात हवा.

डब्यात लपायला जागा द्या. अर्धी करवंटी कडेला छोटी खाच पाडून पालथी घातली की झालं. कुरतडली जात नाही, धुता येते, अंधार देते. वर पंचा टाका. मुलांना दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघू देऊ नका.

एक गोष्ट लक्षात असू द्या. उपाशी आणि गारठलेला उंदीर कधीकधी सुप्तावस्थेत जातो: अंग थंड, श्वास इतका मंद की दिसतच नाही. गार आहे म्हणून मेला समजून टाकू नका. अर्धा-पाऊण तास उबेत ठेवा, मग ठरवा.

काय दुखावलंय ते पाहणं

तासाभराने तो उबदार झाला, हालचाल करू लागला की तपासा. दोन मिनिटांत आटपा. त्याला पारदर्शक डब्यात घेऊन आधी नुसतं बघा: चारही पाय टेकतो का, मान एका बाजूला कललीय का, श्वास घेताना पोटाला हिसके बसतात का, तोंड उघडून श्वास घेतोय का. नाका-तोंडातून टिकटिक आवाज येत असेल तर छातीला मार असण्याची शक्यता मोठी.

मग कापडात धरून केसांवर उलट दिशेने फुंकर मारा. भोकं अशीच दिसतात. मानेवर, खांद्याच्या पात्यांमध्ये, बरगड्यांवर आणि कमरेवर शोधा. एक भोक सापडलं तर समोरच्या बाजूला दुसरं असतं, कारण मांजराचे सुळे जोडीने लागतात. ओलसर, एकत्र चिकटलेले केस हे लाळेचं लक्षण, तिथे जास्त बारकाईने पाहा. बोटाखाली कातडी कुरकुरीत लागली तर आत हवा शिरलीय, म्हणजे भोक छातीपर्यंत गेलं असावं.

रक्ताचं गणित माणसाच्या मापाने करू नका. २० ग्रॅमच्या उंदराच्या अंगात सगळं मिळून जेमतेम दीड मिलिलिटर रक्त असतं, म्हणजे सुमारे तीस थेंब. सहा-सात थेंब गेले तरी जिवावर बेततं. फरशीवर रुपयाएवढा डाग दिसला तर थांबून विचार करायला वेळ नाही. स्वच्छ कापडाचा कोपरा जखमेवर अलगद दाबून धरा आणि निघा.

मागचे दोन्ही पाय ओढत चालत असेल, पोट फाटून आतडं बाहेर आलं असेल, तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल तर घरी काही करण्यासारखं उरलेलं नाही. पशुवैद्याकडे भूल देऊन त्याला शांतपणे मरू देणं हीच दया. बादलीत बुडवणं, फ्रीजरमध्ये ठेवणं, पिशवीत बांधून कचऱ्यात टाकणं यांपैकी काहीही जलद नसतं आणि वेदनेविना तर नसतंच.

जखम धुणं

३०० मिलिलिटर पाणी उकळून कोमट करा आणि त्यात अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ विरघळवा. सुई काढलेल्या सिरिंजमधून हे पाणी जखमेवर हलकेच सोडा. कडेला फाटलेली जखम असेल तर पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून एकदा पुसून घ्या. अंग लगेच कोरडं करा, कारण ओला उंदीर पुन्हा गारठतो.

काय लावू नये याची यादी जास्त महत्त्वाची आहे. हळद दाबून भरू नका: हळदीशी वैर नाही, पण अरुंद खोल भोकाचं तोंड त्याने बंद होतं आणि आत पू कोंडतो. डेटॉल नको, ते चाटलं जातं आणि भाजतं. मलमाचा थर नको. उंदीर अंग चाटून साफ करतो, म्हणजे मलम पोटात जातं, आणि माणसांच्या काही मलमांत बधिर करणारं औषध असतं. पट्टी तर तो दहा मिनिटांत काढून खातो. मांजराची पिसवांची पावडर किंवा मानेवर टाकायचं औषध उंदरावर वापरू नका. पिसवा दिसल्या तर रोज टिश्यू बदला, डबा गॅलरीत पण सावलीत ठेवा, बस्स.

डॉक्टर आणि औषध

चावा झाल्यापासून २४ तासांच्या आत प्रतिजैविक सुरू व्हायला हवं, जितकं लवकर तितकं बरं. दवाखान्यात जाण्याआधी फोन करून "ससे, हॅमस्टर, पांढरे उंदीर बघता का?" असं विचारा. जो पशुवैद्य हे बघतो त्याला उंदराचं माप कळतं. काही ठिकाणी हसतील, तिथे वेळ घालवू नका.

जाताना वजन लिहून न्या. सोनारकामाचा छोटा काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवतो आणि फार महाग नसतो. झाकणाच्या छोट्या डबीत उंदीर ठेवून मोजा, डबीचं वजन वजा करा. दहा किलोच्या कुत्र्याचा पाचशेवा भाग म्हणजे हा रुग्ण. गोळी कुस्करून "अंदाजे चिमूटभर" देणं इथे विषच ठरू शकतं. डॉक्टर बहुधा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेट किंवा एनरोफ्लॉक्सासिन पातळ करून देतील आणि दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम. मात्रा तेच ठरवतील. एक गोष्ट तुम्ही सांगायची: प्रोकेन पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन, जी गाईम्हशींच्या इंजेक्शनांत सर्रास असतात, दोन्ही उंदराला विषारी आहेत. घाईगर्दीच्या दवाखान्यात हातात असेल ते टोचलं जातं, तेव्हा विनयाने पण नक्की आठवण करून द्या.

घरी औषध द्यायचं ते सुई काढलेल्या इन्सुलिनच्या सिरिंजने, ओठाच्या कडेतून, एकेक थेंब. गिळला की पुढचा. उताणा धरू नका. दोन-तीन दिवसांत उंदीर टवटवीत दिसतो आणि माणसं औषध थांबवतात. चौथ्या-पाचव्या दिवशी मानेखाली गाठ येते. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस, बहुधा पाच ते सात, पूर्ण करा.

पाणी आणि खाणं

उबदार झालेल्या उंदराला आधी ओआरएस. पाकीट त्यावर लिहिलेल्या पाण्यातच विरघळवा, कमी पाण्यात "जास्त ताकदीचं" करू नका. रंगकामाच्या बारीक ब्रशने किंवा सिरिंजने एक-दोन थेंब ओठाला लावा, तो स्वतः चाटेल. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा. २० ग्रॅमच्या उंदराला दिवसभरात साधारण ३ मिलिलिटर पाणी लागतं, त्यातलं बरंचसं तो काकडीच्या फोडीतूनही घेतो. डब्यात पाणी ठेवायचं तर बाटलीच्या बुचात, आणि बुचात दोन-तीन खडे टाकून. वाटी ठेवली तर अशक्त उंदीर तीत पडतो, भिजतो आणि रात्री गारठून जातो.

गाईचं दूध कुठल्याही वयाच्या उंदराला नको. जुलाब लागतात, आणि उंदराला उलटी करता येत नाही, म्हणून पोटात गेलेलं चुकीचं अन्न बाहेर टाकायचा मार्गच नसतो. चित्रांतल्या उंदराला चीज प्रिय असतं, खऱ्याला धान्य.

दिवसाला तीन-चार ग्रॅम खाणं पुरतं: सपाट चहाचा चमचाभर बाजरी किंवा ज्वारी, एखादं राळं, तांदळाची कणी, कच्च्या शेंगदाण्याचा पाव दाणा, वाटाण्याएवढा उकडलेल्या अंड्याचा तुकडा. आजारी उंदराला शिजवलेला मऊ भात आधी द्या. फरसाण, शेव, गूळ, चॉकलेट, कांदा हे नको. ओलं अन्न सहा तासांनी काढून टाका, आपल्याकडच्या दमट हवेत त्याला लगेच बुरशी धरते.

उंदीर दिवसा झोपतो, तेव्हा दुपारी तो निपचित दिसला तर घाबरू नका. सकाळी तीन गोष्टी बघा: दाणे सोलून टरफलं पडलीत का, लेंड्या आहेत का आणि टिश्यूचं घरटं केलंय का. ज्या उंदराने रात्रीत घरटं विणलं त्याची आशा धरा. केस पिंजारलेले, पाठ कुबडी, डोळे अर्धे मिटलेले, लेंड्या नाहीत, वजन पहिल्या दिवसापेक्षा पंधरा-वीस टक्के कमी: यातली दोन लक्षणं एकत्र आली की जंतू रक्तात पोचलेत असं समजा आणि त्याच दिवशी पुन्हा दवाखाना गाठा.

सगळं बरोबर करूनही बरेच उंदीर पहिल्या रात्री जातात. दातांनी आत काय फाडलंय ते बाहेरून दिसत नाही.

विष खाल्लेला उंदीर

निरोगी उंदीर भर दिवसा मांजराच्या पुढ्यात येत नाही. आला तर तो म्हातारा, आजारी, नवखा किंवा विष खाल्लेला असतो. टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीने ग्रासलेल्या उंदराची मांजराच्या वासाची भीतीच कमी होते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. पण शहरात पहिली शंका विषाची धरावी.

ब्रोमाडायोलोनच्या वड्या खाल्लेला उंदीर तीन ते पाच दिवसांनी मरतो. रक्त गोठेनासं होतं, नाकातून किंवा गुदाशी रक्त येतं, कातडीखाली निळे चट्टे दिसतात, जखमेचं रक्त थांबत नाही. त्यावर उतारा म्हणजे के१ जीवनसत्त्व, तेही डॉक्टरकडूनच. काळी झिंक फॉस्फाइडची पूड खाल्लेला काही तासांतच झटके देऊ लागतो आणि लसणासारखा वास येतो. हुंगू नका, तो विषारी वायू आहे. अशा वेळी उंदरापेक्षा मांजराची चिंता आधी करा. त्याने उंदीर खाल्ला किंवा चावला असेल तर शक्यतो विषाचं वेष्टन बरोबर घेऊन लगेच पशुवैद्याकडे जा. मांजराला घरातली पॅरासिटामॉल देऊ नका, ती त्याला मारते.

आणि आवारात अंगावर जखम नसलेले उंदीर एकामागून एक मरून पडलेले दिसले तर कोणालाही हात न लावता महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आरोग्य खात्याला कळवा. प्लेगच्या काळात उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून रानात झोपड्या घालत. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात पुन्हा प्लेग दिसला तेव्हाही हा जुना शहाणपणा कामाचाच होता.

पिल्लू असेल तर

गुलाबी, केस नसलेलं, डोळे मिटलेलं पिल्लू मांजराने आणलं तर घरटं जवळपासच असतं: माळ्यावरच्या गाठोड्यात, सोफ्याच्या आत, रद्दीत. पिल्लाला दात लागले नसतील आणि घरटं सापडलं तर उबदार करून परत ठेवा, मांजर कोंडा आणि दुरून बघा. आई ओढून नेते. दात लागले असतील तर त्याचं वाचणं अवघड, हे आधीच मान्य करा.

वय असं ओळखावं: जन्मतः सव्वा ग्रॅमच्या आसपास; चौथ्या दिवशी कान सुटे; दहाव्या दिवसापर्यंत केस; तेराव्या-चौदाव्या दिवशी डोळे; एकविसाव्या दिवशी दूध सुटतं. डोळे उघडलेलं पिल्लू भिजवलेला दाणा चाखू लागतं, तिथून मार्ग सोपा. त्याआधी पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारी मांजराच्या पिल्लांची दूधपावडर कोमट पाण्यात, डब्यावरच्या मापाने कालवा आणि रात्रंदिवस दर दोन तासांनी द्या. मात्रा इवलीशी: ब्रशच्या टोकाने थेंब-थेंब. पोटाच्या पातळ कातडीतून दुधाची पांढरी पट्टी दिसली की थांबा. नाकातून बुडबुडा आला तर लगेच डोकं खाली करून पुसा. दूध श्वासनलिकेत गेलंय. प्रत्येक वेळी दूध पाजल्यावर ओल्या कानकाडीने ढुंगणावर हलकेच चोळावं लागतं, आई चाटते तसं. त्याशिवाय पिल्लाला लघवी होत नाही, पोट फुगतं आणि ते दगावतं. दूध बरोबर असूनही पिल्लं मरतात ती बहुधा याच चुकीने.

सोडणं

औषध संपल्यावर किमान दोन दिवस वाट बघा. जखम कोरडी, वजन स्थिर, चारही पायांनी चपळ धावणं, डब्याच्या भिंतीवर उडी, कडक दाणा स्वतः फोडणं आणि तुम्हाला बघून पळणं. शेवटचं फार महत्त्वाचं: हातावर चढून बसणारा उंदीर सोडण्याजोगा नसतो. म्हणून नाव ठेवून गोंजारत बसू नका.

जागा जिथून आणला तिथल्या जवळचीच. उंदराचा वावर काही मीटर ते काही दहा मीटरांत असतो. त्याला तिथल्या फटी, बिळं, दाणे पाठ असतात. कीव येऊन "जंगलात मोकळं सोडलं" म्हणणारे बहुधा त्याला घुबडाच्या पुढ्यात सोडतात. बांधावरचा असेल तर त्याच शेताच्या बांधावर. घरातला असेल तर इमारतीच्या मागे, लाकडं-विटांचा ढीग किंवा दाट झुडूप असेल तिथे. शेजाऱ्याच्या किराणा दुकानामागे नेऊन सोडणं म्हणजे आपली दया दुसऱ्याच्या खर्चाने करणं. त्यापेक्षा आधी आपल्या घराची छिद्रं बुजवा.

वेळ दिवेलागणीची. पाऊस कोसळत असेल तर एक दिवस थांबा. डबा जमिनीवर आडवा करा, करवंटी आणि घरट्याचा टिश्यू तिथेच ठेवा, शेजारी दोन चमचे बाजरी पसरा आणि निघून या. मांजर दोन-तीन रात्री घरातच.

मागची आवराआवर

लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी फवारा, पाच मिनिटं थांबा, मग कागदाने पुसून पिशवीत बांधून टाका. डबाही याच पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. ब्लीचमध्ये टॉयलेटचं आम्ल मिसळू नका, खिडकी उघडी ठेवा.

उंदीर खाणाऱ्या मांजराला टेपवर्म होतो, तेव्हा दर तीन महिन्यांनी जंताचं औषध पशुवैद्याला विचारून द्या. पट्ट्याला घुंगरू बांधल्याने शिकार कमी होते, थांबत नाही. काही मांजरं न वाजवता चालायला शिकतात. पट्टा ताणल्यावर सुटणारा घ्या, नाहीतर गॅलरीच्या गजात अडकून मांजरच लटकायचं. घराची छिद्रं बुजवताना नुसतं सिमेंट भरू नका, ओलं असतानाच उंदीर ते कोरतात. आधी भांडी घासायची तारेची घासणी ठासून भरा आणि त्यावर सिमेंट लिंपा. स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा पाइप भिंतीत जिथे शिरतो, तिथून सुरुवात करा.